बोटांना नाडी लागत नाही तेव्हा: कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरांसाठी प्रोबने नाडी बघायची रीत

मे महिना, रात्रीचे अडीच. कॅज्युअल्टीच्या दारात जीप थांबते. मागच्या सीटवर पन्नाशीतला माणूस आडवा, दोन दिवस जुलाब-उलट्या, आणि गावाकडून निघाल्यावर वाटेत बोलायचा बंद झालेला. सोबत सात-आठ जण. मॉनिटर लावला तर पडद्यावर अरुंद, भराभर धावणारी रेघ, मिनिटाला एकशे तीसच्या आसपास. रेघ बघून हायसं वाटतं. मग मानेवर बोटं ठेवता. लागते? नाही लागत? की स्वतःच्याच बोटातली धडधड जाणवतेय? पायाशी उभा असलेला भाऊ विचारतो, "सायेब, नाडी हाय ना?"

त्या प्रश्नाला उत्तर द्यायला तुमच्याकडे दहा सेकंद असतात. त्या दहा सेकंदांत सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा हातातला भाग, कसा वापरायचा, आणि कधी अजिबात वापरायचा नाही, एवढंच इथे लिहितोय. जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत नव्याने लागलेले इंटर्न, हाऊस ऑफिसर, सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर), आणि आपले सिस्टर-ब्रदर यांच्यासाठी. सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, तुम्हाला येतो असं धरून चाललोय. येत नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ते शिका. मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटीमीटर खोल पण ६ च्या पुढे नाही, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. याच्या जोरावर माणसं वाचतात. प्रोबच्या जोरावर फार क्वचित.

बोटं फसतात, आणि दोन्ही बाजूंनी फसतात

जर्मनीतला एक जुना अभ्यास आहे, १९९६ साली छापून आलेला. बायपास शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर केलेला. हार्ट-लंग मशीन चालू असताना रक्त फिरत असतं पण नाडी नसते, त्यामुळे "नाडी नसलेला माणूस" तिथे सुरक्षितपणे तपासायला मिळतो. २०६ जणांना बोलावून मानेची नाडी बघायला सांगितली. नाडी खरोखर नव्हती तेव्हा दहातल्या एकाने "आहे" म्हणून सांगितलं. नाडी होती तेव्हा ४५ टक्के लोक "नाही" म्हणाले. शांत ऑपरेशन थिएटरमध्ये ही गत, तर आपल्या कॅज्युअल्टीत, जिथे एक मावशी स्ट्रेचर ओढतायत, कोणी रडतंय आणि कूलर घरघरतोय, तिथे काय होत असेल?

त्यातही आपला रुग्ण हातपाय गार पडलेला, रक्तदाब तळाला गेलेला. हृदय आकुंचन पावतंय, थोडं रक्त पुढे ढकलतंय, पण बोटापर्यंत ठोका पोचत नाही. मॉनिटरवर रेघ, बोटाला काही नाही. आपण त्याला पीईए (हृदयात वीज आहे, पण नाडी नाही) म्हणतो आणि एकाच पिशवीत टाकतो. प्रत्यक्षात त्या पिशवीत दोन वेगळे रुग्ण असतात. एकाचं हृदय खरंच निश्चल आहे, फक्त वीज चालू आहे. दुसऱ्याचं हृदय धडपडतंय, पण टाकीत पाणीच नाही म्हणून नळाला धार येत नाही. या दुसऱ्याला स्यूडो-पीईए म्हणतात. त्याच्यासाठी आपल्याला बरंच काही करता येतं, म्हणून तो ओळखायचा. प्रोबचं खरं काम इथे आहे.

आधी स्वतःच्या मानेवर

पहिल्यांदा प्रोब हातात धरायची जागा म्हणजे अरेस्टचा, म्हणजे हृदय थांबलेला, रुग्ण नव्हे. दुपारी ओपीडी ओसरली की दोघं जण बसा.

लिनियर प्रोब घ्या, तो सपाट तोंडाचा, शिरा बघायला वापरतात तो. मशीनवर व्हॅस्क्युलर सेटिंग, खोली ३ ते ४ सेंटीमीटर. जेली भरपूर. घाटीच्या, म्हणजे कंठमण्याच्या पातळीवर, मध्यरेषेच्या थोडं बाजूला प्रोब आडवा टेकवा, खूण रुग्णाच्या उजवीकडे. श्वासनलिका मध्ये काळी सावली टाकते, तिच्या कडेला थायरॉइड राखाडी, आणि त्याला लागून एक गोल, जाड काठाचं, आत काळंभोर वर्तुळ दिसेल. दर ठोक्याला किंचित फुगणारं. ती कॅरोटिड, मानेतली आर्टरी (धमनी). तिच्या बाहेरच्या अंगाला, जरा वर, पातळ काठाची, वेडावाकडा आकार असलेली जुग्युलर व्हेन (शीर).

आता हलकंसं दाबा. व्हेन लगेच चपटी होते. आर्टरी दबत नाही, उलट दाबाला धक्का देत उघडत राहते. हा "परत धक्का देणं" डोळ्यात साठवून घ्या, अरेस्टमध्ये तुम्ही हेच शोधणार आहात. फार जोरात दाबू नका, दोन्ही बाजू एकदम दाबू नका, आणि वयस्कर मंडळींच्या मानेवर हा सराव करू नका.

पण निरोगी माणसावर नाडी "असलेली"च दिसते. "नसलेली" कशी दिसते ते कुठे बघायचं? त्यासाठी मी नव्या पोरांना एक खेळ करायला लावतो. मित्राच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधा. कोपराच्या घडीत, आतल्या बाजूला, प्रोब आडवा ठेवून ब्रॅकियल आर्टरी शोधा. लहान असते, पण ठोक्याला उडताना दिसते. कलर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारं बटण, चालू करा, लाल-निळी उघडझाप दिसेल. आता पट्टा त्याच्या वरच्या बीपीपेक्षा तीसेक मिलिमीटर वर फुगवा. वर्तुळ जागच्या जागी थिजतं. कलर विझतो. आर्टरी दिसतेच आहे, तिचे काठ आहेत, पोकळी आहे, पण ती मेल्यासारखी पडलेली. मग सावकाश हवा सोडा. एका क्षणी काठ थरथरतो, कलरचा एक ठिपका चमकतो, आणि दोन-तीन मिलिमीटर खाली आलं की पूर्ण उघडझाप सुरू होते. त्याच वेळी दुसऱ्या मित्राला मनगटावर बोटं ठेवायला सांगा. बहुतेक वेळा पडद्यावरची थरथर आधी येते, "लागली" ही आरोळी नंतर. पट्टा मिनिटभराच्या वर फुगवून ठेवू नका, मित्र शिव्या देईल.

असं वीस-पंचवीस वेळा करा. मला स्वतःला डोळा बसायला आठवडाभर गेला.

मग जांघ. कंबरेच्या हाडाचा पुढचा उंचवटा आणि मधलं प्युबिक हाड, यांच्यामधल्या रेषेच्या निम्म्यावर, रेषेच्या जरा खाली. खोली ४ ते ५ सेंटीमीटर, जाड माणसात जास्त. बाहेरच्या बाजूला आर्टरी, आतल्या बाजूला व्हेन.

मान की जांघ?

शिकायला मान सोपी. कामाला जांघ बरी, असं माझं मत. मानेजवळ गर्दी असते: ट्यूब टाकणारा, अँबू (श्वास देण्याची पिशवी) दाबणारा, मान धरणारा. तिथे तुम्ही प्रोब घेऊन घुसलात की कोणाच्या तरी कोपराचा मार खाणार. जांघेत जागा मोकळी असते, दाबणं चालू असतानाही प्रोब तिथेच ठेवता येतो, आणि पुढे आर्टरीत किंवा व्हेनमध्ये लाइन टाकायची असेल तर जागा आधीच सापडलेली असते. तोटा एकच: धोतर, लुगडं, पँट, काय असेल ते कापावं लागतं. कात्री ट्रॉलीवर आहे का ते ड्युटीच्या सुरुवातीलाच बघा.

जांघेतली एक फसगत मात्र लक्षात ठेवा. छाती दाबत असताना रक्ताचा धक्का व्हेनमधूनही मागे येतो. बोटाखाली जोरदार "नाडी" लागते आणि सगळे खूश होतात, प्रत्यक्षात ती व्हेनची असू शकते. पडद्यावर हे लगेच कळतं, कारण कोणतं वर्तुळ उडतंय ते दिसतं. बोटाला दोन्हीतला फरक कळत नाही.

मशीन आणि त्याचे कागद

हा भाग कोणी शिकवत नाही, आणि आपल्याकडे तो टाळून चालत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्यामुळे सोनोग्राफी मशीनकडे आपल्या भागात प्रशासन बारीक नजरेने बघतं, आणि बघायलाच हवं. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा मशीन कोणत्या खोलीत आहे, कशासाठी आहे असं बघून सूट देत नाही. कॅज्युअल्टीतलं मशीनही नोंदणीकृतच लागतं. तेव्हा ड्युटी सुरू करण्याआधी, अरेस्ट आल्यावर नव्हे, तीन गोष्टी विचारून घ्या. या मशीनची नोंदणी कुठल्या जागेवर आहे. वापरायला कोणाकोणाची नावं दिलेली आहेत. कपाटाची किल्ली रात्री कोणाकडे असते. तुमचं नाव त्यात नसेल तर विभागप्रमुखांमार्फत रेडिओलॉजीशी बोलून मार्ग काढा. "इमर्जन्सी होती" म्हणून दुसऱ्या इमारतीतलं मशीन ढकलत आणू नका. आणि रुग्ण गर्भवती असेल तर या कायद्याखालचा एफ फॉर्म भरावा लागतो, तो नंतर आठवणीने भरा.

बाकी यंत्राचं म्हणाल तर: बॅटरी. लाइट जाते, जनरेटर चालू व्हायला वेळ लागतो. मशीन सुरू व्हायलाच एखादं मिनिट घेतं. म्हणून १०८ वाल्यांचा फोन आला की पहिलं काम मशीन चालू करून, प्रोब निवडून, खोली लावून तयार ठेवणं.

प्रत्यक्ष अरेस्ट: क्रमाने

एक. रुग्ण आला, प्रतिसाद नाही, श्वास नाही. बोटं मानेवर, दहा सेकंदांच्या आत. नक्की लागली नाही, तर दाबायला सुरुवात. या पहिल्या तपासणीला प्रोब नाही. मशीन शोधत दाबणं लांबवलं तर तुम्ही नाडी बघायच्या नादात नाडी घालवताय.

दोन. डिफिब्रिलेटरचे पॅड. व्हीएफ किंवा नाडी नसलेली व्हीटी (शॉक द्यायचे हृदयाचे दोन बिघडलेले ताल) असेल तर शॉक. तिथे सोनोग्राफीचं काही काम नाही, हृदय थरथरताना बघून काही मिळत नाही. उलट छातीवर जेली पसरलेली असेल तर पुसा, आणि शॉकच्या वेळी प्रोबवाला सगळ्यात आधी मागे सरला पाहिजे.

तीन. माणसं ठरवा. दाबणारे दोघे, आळीपाळीने. श्वासाला एक. औषधांना सिस्टर: ॲड्रेनलिन १ मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी. वेळ मोजणारा एक. प्रोबला एक. आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारा लीडर. लीडरने प्रोब धरायचा नाही, हे पक्कं. ज्याचे डोळे पडद्यावर, त्याचं लक्ष रुग्णावर नसतं. माणसं कमी असतील, रात्रीच्या ड्युटीला एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय) एवढंच असेल, तर प्रोबचा नाद सोडा. मामांना दाबायला शिकवून ठेवा, ते जास्त उपयोगी.

चार. दाबणं चालू असतानाच प्रोब जागेवर आणा. सगळी युक्ती या एका वाक्यात आहे. थांबल्यावर आर्टरी शोधायची नाही. दाबणाऱ्याच्या समोरच्या बाजूला उभे राहा, जांघेत किंवा मानेवर आर्टरी पडद्याच्या मधोमध आणा. दाबल्याबरोबर ती उडताना दिसली पाहिजे. तेवढ्यात गेन (चित्राचा उजळपणा) असा लावा की पोकळी काळी राहील. कलर वापरणार असाल तर स्केल (वेगाची पट्टी) कमी ठेवा, म्हणजे हळू वाहणारं रक्तही दिसेल, आणि प्रोब एका बाजूला किंचित कलता करा. प्रवाहाला अगदी काटकोनात धरलं की रक्त वाहत असूनही कलर येत नाही, आणि चांगल्या नाडीला तुम्ही "नाही" म्हणून बसाल. चित्र मिळालं की मोठ्याने सांगा: "प्रोब जागेवर."

चित्र मिळालं नाही तर तेही सांगा. या फेरीत प्रोब नाही, बोटं. पुढच्या फेरीत बघू.

पाच. दोन मिनिटं झाली. वेळ मोजणारा: "थांबा." आणि लगेच मोठ्याने आकडे: एक, दोन, तीन... घड्याळाकडे बघून, मनाने नाही. घाबरलेला माणूस मनात एकतर भराभर मोजतो, नाहीतर मोजायचंच विसरतो.

सहा. दाबणं थांबल्यावर पहिल्या क्षणाला दिसलेल्यावर विश्वास ठेवू नका. मागच्या धक्क्याचं थोडं रक्त पुढे सरकत असतं, हळूहळू विरतं. दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदापासून बघा: वर्तुळ स्वतःहून, ठरावीक तालात, उघडझाप करतंय का? मॉनिटरवरच्या रेघेशी ताल जुळतो का? हलका दाब दिला तर परत धक्का देतंय का? त्याच वेळी कोणी अँबू दाबला तर मान हलते आणि चित्र उडतं, म्हणून हे काही सेकंद श्वास देणाऱ्याला हात रोखायला सांगा. तुमचा स्वतःचा हात थरथरत असेल तर मनगट रुग्णाच्या अंगावर टेकवा. सोबत क्लिप साठवायचं बटण दाबा.

सात. आठच्या आकड्याला एकच शब्द: "आहे", "नाही", किंवा "कळत नाही". कळत नाही म्हणजे नाही. लीडर: "दाबा." दहाव्या आकड्याला हात छातीवर परत पडलेले असले पाहिजेत. क्लिप आता बघा, दाबणं चालू असताना, निवांत.

आता माझी कबुली. पहिल्या वर्षी, एका ठिकाणी मी लीडरही होतो आणि प्रोबही माझ्याच हातात होता. कॅरोटिड दिसत होती, किंचित हलल्यासारखी वाटत होती, मी खोली कमी केली, गेन वाढवला, पुन्हा बघितलं. मागे उभ्या ब्रदरने शांत आवाजात म्हटलं, "सर, एकोणीस." एकोणीस सेकंद त्या माणसाच्या मेंदूला रक्त नव्हतं, आणि मी बटणं फिरवत होतो. त्यानंतर कधी मोजणाऱ्याशिवाय प्रोब उचलला नाही.

ही चूक माझ्या एकट्याची नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात सोनोग्राफी वापरलेल्या थांब्यांची सरासरी २१ सेकंद आली होती, न वापरलेल्यांची १३. म्हणजे बिनप्रोबचेही दहाच्या पुढेच जात होते, प्रोबने त्यात आणखी भर घातली. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटाने ठरावीक शिस्त घालून दिली: एका थांब्यात एकच प्रश्न, प्रोब आधीच जागेवर, मोठ्याने मोजणी. त्याने थांबे कमी झाले. दोष यंत्राचा नव्हता, शिस्त नव्हती.

दिसलेल्याचा अर्थ

आर्टरी जोमाने उघडझाप करतेय आणि बोटालाही लागतेय: रक्ताभिसरण परत आलं. बीपी, श्वास, ईसीजी, पुढची कामं.

आर्टरी उघडझाप करतेय, बोटाला नाही: इथे डोकं लावायचं. हा तो टाकी रिकामी असलेला माणूस असू शकतो. नाडी दिसली म्हणून हात झटकून दाबणं सोडून द्यायचं नाही, कारण दिसणारी प्रत्येक नाडी मेंदूला पुरेसं रक्त देत नसते. मशीनवर पल्स्ड डॉपलर असेल आणि तो वापरायचा तुमचा सराव असेल तर रक्ताचा वेग मोजता येतो. २०२२ साली छापून आलेल्या, मांडीच्या आर्टरीवरच्या एका अभ्यासात कमाल वेग सेकंदाला २० सेंटीमीटर किंवा जास्त असणं हे वरचं बीपी ६० किंवा जास्त असण्याशी जुळलं होतं. त्याच अभ्यासात नाडी ओळखण्यात डॉपलर ९५ टक्के वेळा बरोबर होतं आणि बोटं ५४ टक्के वेळा. पण रुग्ण फक्त ५४ होते, तेव्हा हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. सराव नसेल तर डॉपलरच्या वाटेला जाऊ नका, साधं काळं-पांढरं चित्र पुरे. माझी पद्धत अशी: बीपी लागत नाही तोवर दाबणं चालू, सोबत सलाईन किंवा रक्त, बीपी वाढवायचं औषध, आणि कारणाचा शोध. कधी थांबायचं हे वरिष्ठांनी ठरवायचं.

हृदय हलतंय पण आर्टरी नाही: दाबत राहा.

दोन्हीही निश्चल: दाबत राहा, कारण शोधत राहा.

आणि तो सुरुवातीचा जुलाबवाला माणूस? त्याच्या कॅरोटिडचं वर्तुळ बारीक झालं होतं, पण दाबलं की परत धक्का देत होतं. बोटाला काहीही लागत नव्हतं. पोटावर प्रोब ठेवला तर मोठी व्हेन, आयव्हीसी, कागदासारखी चपटी. दोन्ही हातांना जाड सुया, सलाईनच्या बाटल्या दाबून-दाबून. तिसऱ्या थांब्याला बोटालाही नाडी लागली. मॉनिटरवरच्या रेघेने जे सांगितलं नव्हतं ते त्या वर्तुळाने सांगितलं.

हृदय बघायचं असेल तर

बरगड्यांच्या खालून, छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली, कर्व्हिलिनियर (बाकदार तोंडाचा) किंवा हृदयाचा प्रोब जवळजवळ आडवा धरून डाव्या खांद्याकडे रोखायचा. इथेही दाबणं चालू असतानाच जागा घ्यायची. पोट फुगलेलं असेल तर चित्र मिळत नाही. अशा वेळी हट्ट धरू नका.

एका थांब्यात एकच प्रश्न विचारा. पहिल्यात: हृदयाभोवती पाणी आहे का? दुसऱ्यात: उजवी बाजू फुगली आहे का? तिसऱ्यात: स्नायू हलतोय का? फुप्फुसं आणि पोट मात्र थांबून बघायची गरज नाही, ते दाबणं चालू असताना बघून घ्या. ट्रॅक्टरखाली आलेल्या, बैलाने भोसकलेल्या माणसात पोटातलं रक्त आणि छातीतली हवा शोधणं नाडी बघण्यापेक्षा जास्त कामाचं ठरतं.

"स्नायू हलतोय" म्हणायला भिंत आत-बाहेर झाली पाहिजे. झडप एकटी फडफडणं, आतलं रक्त भोवऱ्यासारखं फिरणं, सलाईनचे चमकते बुडबुडे, ही हालचाल धरायची नाही. मी बघितलेल्या निम्म्या चुकीच्या "हलतंय, हलतंय" आरोळ्या झडपेच्या होत्या.

उजवी बाजू फुगलेली दिसली की नवखे लगेच "फुप्फुसात गाठ" म्हणून गाठ विरघळवणारं इंजेक्शन मागवतात. दम धरा. कोणत्याही कारणाने हृदय थांबलं की काही मिनिटांत उजवी बाजू फुगते. पायाला सूज होती का, नुकतं ऑपरेशन किंवा बाळंतपण झालं का, आधी दम लागत होता का, हे नातेवाइकांना विचारा. ते बाहेरच उभे आहेत, आणि त्यांना सगळं माहीत असतं.

पडद्यावर काही हलत नाही म्हणून थांबायचं का?

फक्त तेवढ्यावरून नाही. २०१६ साली अमेरिका आणि कॅनडातल्या २० रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास छापून आला, पीईए किंवा सपाट रेघ असलेले ७९३ रुग्ण. सोनोग्राफीत हृदयाची हालचाल दिसलेल्यांपैकी ३.८ टक्के जिवंत घरी गेले, न दिसलेल्यांपैकी ०.६ टक्के. फरक मोठा आहे, पण ०.६ म्हणजे शून्य नव्हे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२० च्या सूचनाही सोनोग्राफीवर भविष्य ठरवू नका असंच सांगतात. किती वेळ अरेस्टमध्ये होता, कोणी बघितलं होतं का, दाबायला कधी सुरुवात झाली, ईटीसीओटू (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड) किती येतोय, या सगळ्यांसोबत ते एक धरायचं. ट्यूब टाकलेल्या रुग्णात वीस मिनिटांनंतरही ईटीसीओटू दहाच्या वर जात नसेल तर आशा फार कमी. दाबत असताना तो आकडा एकदम उसळी मारून वर गेला तर बहुतेक वेळा रक्ताभिसरण परत आलेलं असतं, आणि तेव्हा बोट किंवा प्रोब ठेवून खात्री करायची. कॅप्नोग्राफ (ईटीसीओटू मोजणारं यंत्र) असेल तर मी म्हणेन त्याच्याकडे आधी बघा, प्रोबकडे नंतर. त्याच्यासाठी दाबणं थांबवावं लागत नाही.

नातेवाइकांचं म्हणाल तर पडदा त्यांच्याकडे फिरवलेला नसावा. "टीव्हीवर काहीतरी हलत होतं, तरी डॉक्टरांनी सोडलं" हे वाक्य पारावर पोचलं की त्याचं काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. कोणी विचारलंच तर सरळ सांगा: हे यंत्र हृदयात किती जोर उरलाय ते बघायला आहे, उपचार हातांनी आणि औषधांनी चालू आहेत. त्यातल्या एखाद्या शांत माणसाला आत बोलावून दाबणं चालू असलेलं बघू द्या.

सगळं झाल्यावर केसपेपरवर वेळेनुसार लिहा: कितव्या मिनिटाला प्रोब, मान की जांघ, काय दिसलं, थांबा किती सेकंद. "सोनोग्राफी केली" एवढंच लिहू नका. दहाच्या वर गेलेला थांबाही लिहा. दुसऱ्या दिवशी साठवलेल्या क्लिप रेडिओलॉजीच्या किंवा भूलतज्ज्ञ सरांना दाखवा, तुम्ही "आहे" म्हटलेलं त्यांना "नाही" वाटू शकतं.

प्रोबवरची जेली कोरड्या मऊ कापडाने पुसा, मग कंपनीने सांगितलेल्या द्रावणाने. सरसकट स्पिरिट मारू नका, काही प्रोबचं रबर त्याने खराब होतं. वायर गुंडाळताना पीळ देऊ नका. मशीन कपाटात लावताना प्लग खोचलाय का आणि चार्जिंगचा दिवा लागलाय का, ते स्वतः वाकून बघा. मामांना विचारलं तर ते "लावलाय" म्हणतील.